मनीच्या तोंडाचे बोळके

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. आपल्या भागात ही म्हण दोन्ही भाषांत तितक्याच सहजपणे बोलली जाते. ‘हल्लिद्दवनिगे कडले इल्ल, कडले इद्दवनिगे हल्लिल्ल’ असे शेजारची अज्जी म्हणते, तेव्हा भालकी-औरादच्या मराठी घरातल्या आजीला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. दोघीही आपापल्या तोंडाच्या बोळक्यावर हात ठेवून हसतात. मराठीत बोळके आणि कन्नडमध्ये बोच्चु बायि. शब्द दोन, अनुभव एकच.

पण या दोन्ही घरांत आणखी एक म्हातारी असते. ती माडीच्या पायरीवर किंवा ज्वारीच्या पोत्यांवर अंगाचे मुटकुळे करून पडलेली असते. तिच्या बोळक्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे घरची मांजर. दहा-बारा वर्षे जिने कणगीची राखण केली, तिचे दात एकेक करून जातात आणि घरात साधारण असा संवाद होतो :

“आत्या, मनी कालपासून भाकरीला तोंड लावत नाही.”

“म्हातारी झाली गं ती. मला तरी कुठं भाकरी चावतीय?”

आणि विषय तिथेच संपतो. वास्तविक तो तिथे सुरू व्हायला हवा. कारण दात गेलेली मांजर वर्षानुवर्षे सुखाने जगू शकते. दुखरे दात तोंडात असलेली मांजर मात्र मुकाट्याने हाल सोसत असते. या दोन्हींत फार मोठा फरक आहे आणि तो ओळखणे घरच्यांच्याच हातात आहे.

मांजराचे दात कशासाठी?

मोठ्या मांजराच्या तोंडात ३० दात असतात. वरच्या जबड्यात १६ आणि खालच्या जबड्यात १४. त्यांपैकी पुढचे बारा अगदी बारीक असतात, चार सुळे लांब आणि टोकदार असतात, बाकीच्या चौदा दाढा. आपल्या दाढा जात्यासारख्या असतात, धान्य भरडणाऱ्या. मांजराच्या दाढा कात्रीसारख्या असतात. तिचा जबडा वर-खाली हलतो, गाई-म्हशीसारखा आडवा फिरत नाही. त्यामुळे मांजर अन्न चावून बारीक करत नाही. तुकडा कापायचा आणि गिळायचा, एवढेच तिला ठाऊक. सुळ्यांचे काम त्याहून वेगळे आहे. उंदराच्या मानेत नेमका घाव घालून त्याला एका क्षणात संपवणे, हे सुळ्यांचे काम.

हे लक्षात घेतले की पुढचे कोडे सुटते. दात गेल्याने मांजराची शिकार जाते, जेवण जात नाही. ताटलीत मऊ अन्न तयार मिळाले तर ती जिभेने ते उचलते आणि गिळते. तिच्या जिभेवर बारीक काटे असतात. मांजराने हात चाटला की ते खरखरीत लागतात. तेच काटे आता चमच्याचे काम करतात. कित्येक मांजरी तर जखमा भरल्यावर कोरड्या खाद्याचे बारीक दाणेही तसेच गिळतात.

मांजर माणसाकडे आली तीच मुळी धान्यामुळे. कणगी आली तिथे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आली. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेली मांजर संशोधकांना सापडली. त्याचा शोधनिबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे हे नाते शेतीइतकेच जुने. आपला भाग तर ज्वारीचा आणि तुरीचा. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तुरीच्या पोत्यांवर ज्या मांजरींनी पिढ्यान्‌पिढ्या पहारा केला, त्यांना कुणी मानांकन दिले नाही. निदान म्हातारपणी वाटीभर मऊ खाणे तरी त्यांचा हक्क समजायला हरकत नाही.

दात का जातात?

पहिले आणि नेहमीचे कारण हिरड्यांचे. दातांवर कीट साचते, हिरड्या सुजतात, मुळाजवळचे हाड झिजते आणि दात हलू लागतो. दुसरे कारण मांजरांमध्ये फार आढळते. दात आतून विरघळू लागतो. हिरडीच्या कडेला लालसर खड्डा दिसतो. तिथे नुसता स्पर्श झाला तरी जबडा थरथरतो. हे का होते याचे नेमके उत्तर शास्त्राला अजून मिळालेले नाही. पण असा दात भरून काढण्याचा उपयोग होत नाही, तो काढावाच लागतो. तिसरे कारण सर्वांत त्रासदायक. हिरड्या आणि घसा लाल होऊन सगळे तोंडच सोलवटल्यासारखे होते. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच तिथे उलटलेली असते. अशा वेळी डॉक्टर सगळ्या दाढा, कधी सगळे दात काढायला सांगतात. ऐकताना अंगावर काटा येतो, पण बहुतेक मांजरींना त्यानेच आराम पडतो.

मांजर दुखणे लपवते. रानात दुखणे दाखवणारा प्राणी शिकार होतो, ही तिची जुनी शिकवण. म्हणून ओरडण्याची वाट पाहू नका. पुढील खुणा दिसल्या की समजा, तोंडात काहीतरी आहे : तोंडाला घाण वास येणे, लाळ गळणे, मान एका बाजूला वाकडी करून खाणे, घास तोंडातून खाली पडणे, पंजाने गाल घासणे, अंग चाटणे सोडून देणे, आणि भूक असूनही ताटलीपाशी येऊन मागे फिरणे.

ही शेवटची खूण पाहिली की तेनाली रामाच्या मांजराची गोष्ट आठवते. कृष्णदेवरायाने प्रत्येकाला एक मांजर आणि तिच्या दुधासाठी एक गाय दिली. रामाने मांजरापुढे पहिल्याच दिवशी कढत दूध ठेवले. तोंड पोळल्यापासून ते मांजर दूध दिसताच पळू लागले, आणि दूध रामाच्या घरच्यांना मिळाले. लहानपणी आपण या गोष्टीला हसलो. दात दुखणाऱ्या मांजराचे अगदी तसेच होते. तिला भूक असते, ती वास घेत येते, पण मागच्या घासाची कळ आठवून उलट्या पावली पळते. घरचे म्हणतात, नखरे वाढले हिचे. नखरे नसतात, ती कळ असते.

दवाखाना जवळच आहे

‘मांजराचे दात काढायला कोण नेतंय?’ असा प्रश्न आपल्याकडे अजून विचारला जातो. परंतु या बाबतीत बिदरकर नशीबवान आहेत. कर्नाटक पशुवैद्यकीय, पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्य ठाणेच बिदरला नंदीनगरमध्ये आहे. २००४ च्या कायद्याने ते स्थापन झाले. पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच आहे. सीमेपलीकडे उदगीरलाही पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९५६ मध्ये जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली, उदगीर-निलंगा तिकडे गेले आणि भालकी-औराद इकडे राहिले. पण सोयरीक तशीच राहिली. लग्नाला उदगीरला जाणारे घर मांजराला घेऊनही जाऊ शकते.

दात काढायचे तर मांजराला पूर्ण भूल द्यावी लागते. म्हणून आधी रक्ताची तपासणी करून मूत्रपिंड आणि यकृत ठीक आहेत ना, हे पाहावे लागते. ‘आता एवढ्या वयात भूल सोसेल का?’ ही शंका रास्त आहे. पण केवळ वय हा आजार नव्हे. तपासणी चांगली असेल तर वय जास्त आहे म्हणून दुखणे तसेच ठेवू नये. शक्य असेल तर जबड्याचा एक्स-रे काढावा, कारण मुळाचा तुकडा आत राहिला तर दुखणेही राहते. टाके बहुधा आपोआप विरघळणारे असतात. साधारण दोन आठवडे मऊ खाणे आणि डॉक्टरांनी दिलेले औषध, एवढे पथ्य पाळावे लागते. खर्च किती येईल हे आधीच मोकळेपणाने विचारावे. सगळे एकाच वेळी जमत नसेल तर सर्वांत दुखरे दात आधी काढता येतील का, हेही विचारता येते.

पुष्कळ घरांचा अनुभव असा की, दात काढल्यावर आठ-पंधरा दिवसांत मांजर पुन्हा अंग चाटू लागते, उन्हात लोळते, पायात घोटाळते. तेव्हा घरच्यांच्या लक्षात येते की ती ‘म्हातारपणामुळे’ शांत झाली नव्हती.

घरचे औषध नको

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. आपल्याला दात दुखल्यावर आपण पॅरासिटामॉलची गोळी घेतो. तीच गोळी पाव-अर्धी करून मांजराला देण्याचा मोह होतो. मांजराचे यकृत हे औषध पचवू शकत नाही. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते. रक्त तपकिरी पडते, हिरड्या काळसर-निळसर होतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी मूत्रपिंडे निकामी होतात. आजीबाईच्या बटव्यातले लवंगाचे तेल आपल्या दाढेला बरे, पण मांजराला तेही विषारीच. चुकून असे काही पोटात गेले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

ताटलीत काय वाढावे?

आता मुख्य प्रश्न. आपल्या भागात कितीतरी घरे शाकाहारी आहेत. तिथली मांजर दूध-भाकरीवर वाढते आणि गुटगुटीत राहते. त्यामुळे मांजर शाकाहारी होऊ शकते, असा समज रूढ झाला आहे. खरी गोष्ट निराळी आहे. जोवर दात होते तोवर ती माळ्यावरचे उंदीर, अंगणातली चिमणी, भिंतीवरची पाल खाऊन आपली गरज भागवत होती. दूध-भाकरी हा केवळ वरचा खाऊ होता. दात गेले की ही चोरवाट बंद होते आणि मग दूध-भाकरीच उरते. ती तिला पुरत नाही.

कारण टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराला बाहेरून पुरेसे मिळावेच लागते. ते मांस आणि मासे यांत असते, धान्यात व डाळीत नसते, दुधात अगदी थोडे असते. ते कमी पडले तर डोळ्यांचा पडदा खराब होऊन मांजर आंधळी होते, हे १९७५ मध्ये दिसून आले. हृदयाचे स्नायूही सैल पडतात, हे अमेरिकेतील डेव्हिस येथील संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवले, आणि त्यानंतर तयार खाद्यात टॉरिन वाढवले गेले.

मांसाहारी घरात सोपे आहे. कोंबडीचे किंवा माशाचे मांस पाण्यात शिजवावे. मीठ, मसाला, तिखट काही नको. काटे आणि हाडे पूर्ण काढून ते बोटाने कुस्करावे किंवा मिक्सरमधून फिरवावे. शिजवलेले पाणी फेकू नये, टॉरिन त्यात उतरते. तेच पाणी घालून खिरीइतके पातळ करावे. कलेजी आठवड्यातून एखादे वेळी, तीही थोडीच. कांदा आणि लसूण अजिबात नको. त्यांनी मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. म्हणून आपल्या ताटातला रस्सा कालवून देऊ नये. आणि नुसते घरचे मांसही वर्षानुवर्षे पुरेसे नाही, त्यात चुना आणि काही जीवनसत्त्वे कमी पडतात. म्हणून अधूनमधून नव्हे, तर रोजच तयार मांजरखाद्याचा काही भाग असावा.

शाकाहारी घरासाठी हे तयार खाद्य हाच मधला मार्ग आहे. पाकिटातले ओले खाद्य मिळते, ते स्वयंपाकघरात न नेता पडवीत, वेगळ्या ताटलीत देता येते. कोरडे दाणे असतील तर कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवून लापशीसारखे करावेत. पाकिटावर ‘संपूर्ण आहार’ असे लिहिले आहे ना, हे पाहून घ्यावे. उकडलेले अंडे चालते, पण टॉरिनची भरपाई त्याने होत नाही. आपल्या घरात आपण काय खावे हा आपला धर्म. मांजराच्या शरीराचा धर्म मात्र तिच्या जन्माबरोबर आलेला असतो.

दुधाबद्दल दोन शब्द. मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरींना दूध पचत नाही, जुलाब होतात. जिला सोसते तिला चमचा-दोन चमचे द्यावे, पण ते जेवण समजू नये. गोड घालून तर काहीच उपयोग नाही. मांजराला गोड चव कळतच नाही. चवीचे जे जनुक त्यासाठी लागते ते तिच्यात निकामी आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. श्रीखंडाच्या वाटीपाशी ती येते ती साखरेसाठी नव्हे.

अन्न कोमट असावे, आपल्या अंगाइतके. म्हातारपणी वास कमी येतो, आणि वास आला नाही तर मांजर खात नाही. फ्रीजमधले थंड खाणे म्हणूनच ती हुंगून सोडते. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. ते चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. ताटली उथळ आणि जराशी उंच असावी, खाण्यावर तोंड पुसून घ्यावे. आणि एक लक्षात ठेवावे : चोवीस तास मांजराच्या पोटात काहीच गेले नाही तर तो उपवास समजू नये. दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणाने तिच्या यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेतू शकते.

दातांपलीकडचे म्हातारपण

दहा वर्षांपुढची मांजर वयस्क समजली जाते. पंधराव्या वर्षी तिचे वय माणसाच्या हिशेबात पंचाहत्तरच्या घरात जाते. टेक्सासमधील क्रीम पफ नावाची मांजर १९६७ पासून २००५ पर्यंत, म्हणजे ३८ वर्षे जगली, पण ती अपवादच. आपल्या मनीला पंधरा वर्षे मिळाली तरी पुष्कळ.

या वयात मूत्रपिंडे थकतात. मांजर जास्त पाणी पिऊ लागली, जास्त लघवी करू लागली आणि वजन उतरत गेले, तर तपासणी करून घ्या. भरपूर खाऊनही वाळत असेल तर कंठग्रंथीचा विकार असू शकतो. दर महिन्याला तिला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा आणि आपले वजन वजा करा. चार किलोतले अर्धा किलो उतरणे म्हणजे आपले सात-आठ किलो उतरण्यासारखे आहे. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात घरात दोन-तीन ठिकाणी पाण्याची पसरट भांडी ठेवावीत. बिदरच्या थंडीत जुन्या गोधडीची घडी पुरते. उडी जमत नाही म्हणून तिच्या आवडत्या खिडकीपाशी एक पाट ठेवावा. अंग चाटणे कमी होते, केसांच्या गाठी बसतात, म्हणून मऊ फणी फिरवावी. नखे वाढून पंजाच्या गादीत रुततात, ती पाहावीत. सुळे काढल्यावर कधी जीभ जराशी बाहेर राहते किंवा लाळ येते. नवीन घाव नसेल तर त्याची काळजी नको.

दात नसलेल्या मांजराला गल्लीतल्या कुत्र्यांशी आणि तरण्या बोक्यांशी दोन हात करता येत नाहीत. तिला रात्री घरात घ्यावे. रेबीजची लस दात गेले तरी थांबवू नये, कारण ती लस तिच्या रक्षणासाठी आहे आणि घरातल्या मुलांच्याही.

मांजरेपलीकडे

आपल्याकडे एक जुनी रीत आहे. नकोशी झालेली मांजर पोत्यात घालायची आणि मांजरा नदीपलीकडे सोडून यायची. नावातच मांजर असलेल्या नदीकाठी हे घडावे, याला काय म्हणावे? तरुण मांजर कदाचित तग धरेल. जिच्या तोंडात दात नाहीत तिला सोडणे म्हणजे उपासमारीकडे धाडणे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार, भूक-तहानेने हाल होतील अशा रीतीने जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे. दंड फार नाही. पण हा प्रश्न दंडाचा नाहीच.

घरातली मुले सगळे पाहत असतात. काम संपल्यावर म्हाताऱ्या मांजराचे काय होते, बैलाचे काय होते, हे त्यांना कळते. त्यावरूनच ती घराची रीत शिकतात. ज्या घरात आजीसाठी भाकरी दुधात कुस्करली जाते, त्याच घरात मनीसाठी मूठभर मऊ खाणे वेगळे काढायला पाच मिनिटे लागतात. ते काम घरातल्या धाकट्याकडे सोपवा. ‘अज्जीचं झालं, आता मनीचं’ असे म्हणत तो ताटली घेऊन पडवीत जाईल. सध्या एवढे करा : आज संध्याकाळी उजेडात बसून मनीचा ओठ हळूच वर उचलून पाहा. हिरडी फिकट गुलाबी असेल तर ठीक. लाल असेल तर उद्या दवाखान्यात जा.